साडूंची भट्टी

सोलापुरात घाम गाळायला पैसे लागत नाहीत. मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो इथे फुकट मिळतो, घरपोच मिळतो आणि नको म्हटलं तरी मिळतो. अशा गावात, भर एप्रिलमध्ये, बाहेर पारा त्रेचाळीसला टेकलेला असताना, लाकडाच्या बंद खोलीत चूल पेटवून तिच्याशेजारी जाऊन बसणारा एकच माणूस मी पाहिला. ते माझे साडू. वीस मिनिटांनी लालबुंद होऊन बाहेर यायचे, बाजेवर टेकायचे आणि म्हणायचे, "दाजी, आता कसं गार वाटतंय."

मला त्यांचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी काही वाकडं बोललो तर ते कशापोटी, याचा तुम्हाला विचार करत बसायला नको.

साडू मूळचे माढा तालुक्यातले. माझ्या बायकोची धाकटी बहीण सुमन त्यांना दिलेली. कागद तयार करायच्या मोठमोठ्या यंत्रांवर ते काम करत. कंपनीने त्यांना दोन वर्षांसाठी म्हणून फिनलंडला पाठवलं आणि ते बावीस वर्षं तिकडेच राहिले. घरातली पोरं त्यांना फिनलंडकाका म्हणायची. दर तीन-चार वर्षांनी ते सुट्टीवर येत, तेव्हा सासऱ्यांकडे जावयांची पंगत बसे. थोरला जावई म्हणून पहिलं ताट माझं, पण टेबलफॅनचं तोंड त्यांच्याकडे वळवलेलं. सासूबाई म्हणायच्या, थंड मुलखातून आलेत, सोसायचं नाही त्यांना. मी सोलापुरातच जन्मलो हा जसा काही माझा गुन्हाच होता.

पण खरं दुखणं पंख्याचं नव्हतं. बारावीनंतर मला पुण्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये जागा मिळाली होती. पत्र आलं होतं, ट्रंक भरून झाली होती. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, कापडाच्या गिरणीत सायझिंग खात्यात होते. मागावर चढवण्याआधी सुताला खळ देऊन वाफेवर वाळवतात, ते हे खातं. त्याच वर्षी गिरणी बंद पडली. अप्पा एक दिवस ट्रंकेकडे बघत म्हणाले, "जायचं न्हाय." कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घरात बापाला कारण विचारायची रीत नव्हती. मी इथेच कॉलेज केलं, सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो. आणि साडू? ते त्याच पॉलिटेक्निकमध्ये, माझी जागा हुकल्यावर दोन वर्षांनी, शिकायला गेलेले. त्यांच्या लग्नाच्या बोलणीत मला हे कळलं. तेव्हापासून त्यांना पाहिलं की मला आपला सदरा दुसऱ्याच्या अंगात दिसल्यासारखं व्हायचं.

निवृत्त झाल्यावर ते सुमनला घेऊन परत आले आणि त्यांनी सोलापूरजवळच कुंभारीला चार गुंठे जागा घेतली. माणूस आधी घर बांधतो. यांनी घराचा पाया भरायच्या आत कोपऱ्यात एक लाकडी खोली उभी केली. आठ बाय सात, बुटकं छत, वीतभर खिडकी, आत पायरीसारख्या दोन रुंद फळ्या आणि कोपऱ्यात लोखंडी चूल, वर दगड रचलेली. मल्लप्पा नावाचा गवंडी तिचं जोतं बांधत होता. त्याने दोन दिवस विचार केला आणि मग विचारलं, "साहेब, बेदाण्याचं शेड हाय व्हय?" साडूंनी त्याला सांगितलं की यात माणसं वाळवायची. मल्लप्पाने पुढे काही विचारलं नाही, फक्त मजुरी रोजच्या रोज मागायला लागला.

गावात मात्र बातमी वेगळी गेली. बंद खोली, धूर, आत जाणारी माणसं तांबडी होऊन बाहेर येतात, म्हणजे हातभट्टीच असणार. एका शनिवारी पोलीस पाटील चौकशीला आले. साडूंनी काही समजावत न बसता त्यांना पंचा दिला आणि आत नेऊन दहा मिनिटं बसवलं. पाटील बाहेर आले, निवांत बसून ताकाचे दोन पेले प्याले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "दारू न्हाय. पर चढतंय." पुढच्या शनिवारी ते स्वतःचा पंचा घेऊन आले. तेव्हापासून मीही त्या खोलीला भट्टीच म्हणू लागलो. साडू दर वेळी न चुकता वाफेच्या आंघोळीच्या त्या खोलीचं तिकडचं नाव सांगून दुरुस्त करायचे, "भट्टी नाही दाजी, सौना." मी पुढच्या वाक्यात पुन्हा भट्टी म्हणायचो.

चूल पहिल्यांदा पेटली त्या दिवशी माझी थोडी करमणूक झाली होती. दगड म्हणून त्यांनी सीना नदीच्या पात्रातले गुळगुळीत गोटे आणले होते. दिसायला देखणे. नदीचा गोटा तापला की फुटतो, हे आमच्याकडे चुलीपाशी बसलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. मी बोललो नाही. अर्ध्या तासात आत लवंगी फटाक्यांची माळ लागली आणि साडू डोक्यावर पंचा धरून बाहेर धावले. मी घरी येऊन हा प्रसंग बायकोला तीनदा सांगितला. साडूंनी दुसऱ्या दिवशी विहिरीच्या खोदकामातला काळा दगड आणला, एकेक दगड लाल होईस्तोवर तापवून पाण्यात बुडवला आणि त्यात जे टिकले तेवढेच ठेवले. एवढी फजिती होऊन हा माणूस चिडला नाही, त्यामुळे माझी निम्मी मजा गेली.

शनिवार त्यांचा ठरलेला. दुपारी बायका, संध्याकाळी पुरुष. बाभळीचं वाळलं लाकूड दोन तास जाळायचं, धूर पूर्ण निघून जाऊ द्यायचा आणि मग आत जायचं. घाई केलेली त्यांना खपायची नाही. कुणी घड्याळ बघितलं की म्हणायचे, "घाई असेल तर बाहेर बसा, आतला वेळ वेगळा असतो." लाकडी बादलीतून ओगराळंभर पाणी घेऊन दगडांवर ओतायचं, चर्र होऊन जी वाफ उठते ती खरी सौना. त्या वाफेला तिकडे एक खास शब्द आहे. माझ्या जिभेला तो कधी वळला नाही. त्याचा फार जुना अर्थ प्राण असा होता, असं साडू सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

तिकडची माणसं बर्च नावाच्या झाडाचे पाल्यासकट डहाळे बांधून त्यांनी अंग झोडपतात. रक्त खेळतं म्हणे. साडूंनी इथे कडुनिंब धरला. निंबाचा पाला वाफेत धरला की सगळ्या आवारात वास सुटायचा आणि गोवर उठल्यावर आई त्या पाण्याने घालायची ती आंघोळ मला आठवायची. तिकडे आंघोळीनंतर तळ्यात उड्या मारतात, हिवाळ्यात बर्फात लोळतात. इथे तळं कुठलं? नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. साडू दोन तांब्यांत भागवायचे. पण दिवाळीत त्यांनी कमाल केली. नरकचतुर्दशीला पहाटे चूल पेटवून, सगळ्यांना तेल-उटणं लावून त्यांनी आत बसवलं. माझा मुलगा आमच्या घरी अभ्यंगस्नानाला कधी आठच्या आत उठला नव्हता. तो साडेचारला मोटारसायकल काढून कुंभारीला गेला. मी घरात एकटाच बसून स्वतःच्या अंगाला तेल लावलं.

त्यांचं सगळ्यांत आवडतं बोलणं म्हणजे त्या खोलीला तिकडे काय मानतात ते. त्यांच्या शेजारची एक म्हातारी सौनातच जन्मली होती. जुन्या काळी तिकडे बायका तिथेच बाळंत व्हायच्या, कारण घरातली सगळ्यांत स्वच्छ जागा ती, आणि ऊन पाणीही तिथेच. माणूस गेलं की शेवटची आंघोळही तिथेच घालायचे. म्हणून आत भांडायचं नाही, ओरडायचं नाही, देवघरात वागतो तसं वागायचं. सगळ्यांचं झाल्यावर शेवटचं ओगराळंभर पाणी दगडांवर ओतून दार लावून घ्यायचं, ती वाफ त्या जागेच्या राखणदाराची. साडू ते न चुकता करायचे. आणि आणखी एक नियम होता. आत जे बोललं जाईल ते बाहेर न्यायचं नाही. "आतलं आत," ते म्हणायचे. माझी बायको दर शनिवारी दुपारी तिथे जायची आणि येऊन मला एक अक्षर सांगायची नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात जे मला जमलं नाही ते साडूंच्या एका नियमाने केलं.

हे सगळं मी ऐकीव सांगतो आहे, कारण मी आत जात नव्हतो. ते दर शनिवारी बोलवायचे. "या की आत, दाजी." मला वाटायचं, हा आपला थाट दाखवतोय. मी बाहेर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचायचो. मग जायचोच कशाला, असं कुणीही विचारेल. अप्पांमुळे.

अप्पांना तिथे नेलं ते माझ्याच जिभेने. भाचीच्या मुलाच्या बारशाला पाहुणे जमले होते, साडूंचं कौतुक चाललं होतं, मला राहवलं नाही. मी मोठ्याने म्हणालो, "कौतुक कसलं करताय, तिकडे त्या खोलीत साहेब आणि कामगार शेजारी शेजारी नागवे बसतात." बायकांनी पदर तोंडाला लावले. मला वाटलं, झालं काम. पण भिंतीशी बसलेल्या अप्पांनी मान वर केली. पंच्याऐंशी वर्षांचे अप्पा अशा गर्दीत कधी तोंड उघडत नसत. त्यांनी साडूंना विचारलं, "साहेब बी?" साडू म्हणाले, "साहेब बी, अप्पा. आत गेल्यावर साहेब कोण ते कळतच नाही." अप्पांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग बगायला पायजे."

अप्पांबद्दल थोडं सांगायला हवं. गिरणी बंद झाली तसे ते गप्प झाले. माझ्याशी त्यांचं दिवसाचं बोलणं तीन शब्दांत आटपायचं. आलास, जेवलास, दार लाव. आई गेल्यावर त्यांचे गुडघे धरले आणि त्यांना स्वतःची आंघोळ होईना. मी रोज सकाळी त्यांना स्टुलावर बसवून आंघोळ घालायचो. अकरा वर्षं घातली. पाठ चोळायचो, खांद्यावर खळीच्या वाफेने भाजल्याचा एक जुना डाग होता, त्याच्यावरून हात हळू फिरवायचो. मला रोज वाटायचं, आज विचारावं. त्या वर्षी मला का अडवलंत, एवढंच. रोज पाण्याचा शेवटचा तांब्या संपायचा आणि मी पंचा पुढे करायचो.

डॉक्टरांना विचारून, खालच्या फळीवर, मंद आचेवर, दहा मिनिटं, असं ठरवून साडूंनी त्यांना पहिल्यांदा आत नेलं. दार लागलं. मी बाहेर बसलो होतो. पाण्याची चर्र ऐकू आली आणि पाठोपाठ अप्पांचा आवाज, इतका मोकळा की मला आधी ओळखू येईना. "आरं, ही तर आमची सायझिंग हाय की." मग ते बोलतच राहिले. कुणी मुकादम होता, कुणाचं धोतर रोलरात गेलं होतं, कुणी वाफेवर अंडी उकडायचं. आणि मग अप्पा हसले. मी त्यांचा मुलगा, साठी ओलांडलेला, आणि आपले वडील हसले की कसा आवाज येतो हे मी एका लाकडी दाराबाहेर बसून शिकत होतो. माझ्या हातातल्या वर्तमानपत्राचं पान मी उलटलं नाही.

मग दर शनिवार अप्पांचा. शुक्रवारीच ते पंचा घडी करून उशाशी ठेवायचे. हळूहळू आतले आवाज खाली आले, हसणं कमी झालं, बोलणं वाढलं. मला शब्द कळायचे नाहीत. एकदा मी खुर्ची भिंतीजवळ सरकवली. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं, साडूंचं घामाने डबडबलेलं डोकं बाहेर आलं. "दाजी, आत या, नाहीतर खुर्ची लांब घ्या," म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

यावर मी एक उपाय केला. ऑनलाइन एक प्लॅस्टिकचा वाफेचा तंबू मागवला. खाली पाण्याचं भांडं, आत खुर्ची, माणसाचं डोकं तेवढं बाहेर. म्हटलं, वाफच हवी ना, घरी घ्या. शुक्रवारी अप्पांना त्यात बसवून चेन लावली. दोन मिनिटं ते समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी काय इडली हाय व्हय?" बायको स्वयंपाकघरात जाऊन हसली. तो तंबू अजून माळ्यावर आहे.

शेवटी मी हरलो. एका शनिवारी मनाशी ठरवलं, सदरा-पायजमा काढला, पंचा गुंडाळला आणि दाराला हात लावला. आपल्या बापासमोर असं उघड्या अंगाने जायचं म्हणजे साठीतही पाय अडखळतात. साडू आतून म्हणाले, "अप्पा, दाजी येताहेत."  मग अप्पांचा आवाज आला. "त्याला ऱ्हाऊ दे बाहेर."

मी कपडे घातले. त्या दिवशी गाडी चालवत अप्पांना मीच घरी आणलं, कारण आणणार दुसरं कोण. त्यांनी वाटेत नेहमीचं काहीच विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची पाठ जरा जोरात चोळली. याची मला आजही लाज वाटते.

त्या पावसाळ्याच्या शेवटी अप्पा झोपेतच गेले. शेवटची आंघोळ मीच घातली, आमच्या अंगणात, चुलत्यांबरोबर. साडू बादल्या भरून देत होते. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं आणि विचारलं, अप्पा तुमच्याशी काय बोलायचे. माझ्याबद्दल काही बोलले का. एवढी वर्षं गिळलेला प्रश्न मी त्या माणसापुढे टाकला ज्याच्यापुढे तो टाकायची मला सगळ्यांत जास्त लाज वाटत होती. साडूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ते आतलं आहे, दाजी. बाहेर नाही बोलायचं. तुम्ही शनिवारी या, आत बसू."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाप माझा, गेला माझा, आणि त्याचे शब्द हा माणूस कुलपात घालून वर मलाच आमंत्रण देतोय. मी त्यांना म्हणालो, तुमची भट्टी तुम्हाला लखलाभ. त्यानंतर चौदा महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. बायको शनिवारी कुंभारीला जायची, मी तिला स्टॅंडपर्यंत सोडून परत यायचो. ते तिच्याबरोबर दर वेळी निरोप पाठवायचे, दाजींना आत बोलावलंय म्हणावं. ती सांगायची, मी ऐकून सोडून द्यायचो.

मग त्यांचं परत जायचं ठरलं. मुलगी तिकडेच होती, तिला जुळं झालं होतं, एकटीला झेपत नव्हतं. कुंभारीची जागा विकायला काढली. शेवटच्या शनिवारी बायको मला म्हणाली, "तुम्ही आज नाही गेलात तर जन्मभर त्यांच्यावरच चिडत बसाल. मला तेच तेच ऐकवत नाही आता." मी गेलो. तिचं ऐकून गेलो असं नाही. आता साडू गेले की अप्पांचे शब्दही जातील, या भीतीने गेलो.

आत वाटलं होतं त्यापेक्षा अंधार होता. निंबाचा आणि तापल्या लाकडाचा वास. साडू नेहमी वरच्या फळीवर बसत, ते उतरून खाली माझ्याशेजारी येऊन बसले. चष्मा नसताना ते अगदी साधे दिसत होते, पोट सुटलेले, छातीवर पांढरे केस, कुणाही निवृत्त माणसासारखे. त्यांनी दगडांवर पाणी ओतलं. आधी कानाच्या पाळ्या तापल्या, मग खांदे, मग सगळी पाठ.  आणि मग मी, ज्याने हे कधी बायकोलाही सांगितलं नव्हतं, म्हणालो, "मला तुमचा हेवा वाटतो. लग्नापासून वाटतो. पॉलिटेक्निकचा वाटतो, फिनलंडचा वाटतो. पण अप्पांचा फार वाटतो."

त्यांनी मान हलवली. "ठाऊक आहे. आता विचारा."

"काय?"

"तेराव्याला बाहेर विचारलं होतंत ते. आतलं आत बोलायला कधी बंदी नव्हती, दाजी. चौदा महिने मी बोलावतोय तुम्हाला."

 अख्ख्या सोलापुराला त्या दाराचा अर्थ कळला होता, पोलीस पाटलालासुद्धा. मी विचारलं. साडूंनी अप्पांचे शब्द सांगितले, अप्पांच्याच बोलीत, काही न गाळता.

"गिरणी बंद पडली तवा मी लई घाबारलो. पोरगं पुण्याला गेलं तर रिकाम्या घरात दिसभर कुनाकडं बगत बसू? म्हनून त्याला अडिवला. दुसरं कारन न्हवतं. त्यानं एकडाव का म्हनून इचारलं असतं तर सोडला असता मी. इचारलंच न्हाय त्यानं. आनि आता रोज मला आंगुळ घालतोय. त्याच्या हातात पाठ दिऊन हे कसं सांगू?"

 मला बाहेर ठेवलं तेही त्यामुळेच, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी अप्पा रडत होते. मुलाने बघू नये असं त्यांना वाटत होतं.

मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"मी? मी सांगितलं, माझे वडील माढ्याला वारले तेव्हा मी तिकडे होतो. तिसऱ्या दिवशी पोचलो, राख सावडून झाली होती. मला दाजींचा हेवा वाटतो म्हणालो. रोज बापाची पाठ चोळायला मिळते त्यांना."

त्या वाफेत बसून मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगतो. मला राग आला. तीस-पस्तीस वर्षं हेवा करण्यात तरी मी या माणसाच्या पुढे आहे असं समजत होतो, तर त्यातही हा बरोबरीला येऊन बसला. मग मी पाठ त्यांच्याकडे करून बसलो. साडूंनी निंबाचा डहाळा उचलला आणि माझी पाठ झोडपून दिली, खांद्यापासून कमरेपर्यंत, हलक्या हाताने. माझी पाठ कुणी चोळून कितीतरी वर्षं झाली होती. शेवटी त्यांनी ओगराळं माझ्या हातात दिलं, राखणदाराचं पाणी मी ओतलं आणि आम्ही दार ओढून घेतलं.

सगळं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. ते अप्पांनी मला सांगायला हवं होतं, हे मला तेव्हा वाटलं आणि आता लिहितानाही वाटतं. पण त्या शनिवारनंतर मी साडूंना फिनलंडला दर रविवारी फोन करायला लागलो. ते बर्फाचं सांगायचे, नातवंडांचं सांगायचे, मी इकडच्या उन्हाचं सांगायचो. त्यांची जागा एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याने घेतली. त्याने चूल काढून टाकली आणि त्या खोलीत खरोखरच बेदाणा ठेवला. मल्लप्पा भेटला की मला म्हणतो, मी पैल्यापास्नं सांगत हुतो. आणि हो, आतलं आत हा नियम मी इथे मोडला आहे. ज्यांनी तो पाळला त्यांच्याबद्दल लिहायला दुसरी वाट नव्हती.

साडू यंदाच्या फेब्रुवारीत गेले. शनिवारी सौनात बसले होते, रविवारी सकाळी उठले नाहीत. सुमनचा फोन आला तेव्हा बायकोने तो माझ्या हातात दिला. सुमन पलीकडे रडत होती, मी तिला काहीबाही धीर देत होतो. पण खोटं कशाला लिहू? पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते एवढंच, की अप्पांजवळही हा माणूस माझ्याआधी पोचला.